विडीचं सूप भिंतीला टेकवून ठेवू नका

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरला अशोक चौकाच्या मागे राहते. वय ३४. सासूबाई ६३ वर्षांच्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन आठ-नऊ महिने झाले. उजवी बाजू गेली, सगळं अंथरुणातच. मिस्टर यंत्रमागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मी घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. आधी रोज आठशेपर्यंत जायच्या, आता तीनशे होणं मुश्कील. कारखान्याचं विडी कार्ड बंद करून फंड (पीएफ) काढून घ्यावा, असं घरात चाललंय. सासूबाईंनीही जन्मभर विड्याच वळल्या. त्यांची फंडाची पेन्शन यायची, ती थांबली आहे. बँकवाले म्हणतात, पेशंटला घेऊन या. शेजारणी सांगतात की, पेशंट सांभाळणाऱ्या बाईला सरकार महिन्याला पैसे देतं. त्यासाठी एक एजंट दोन हजार मागतोय. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी एजंटचं. त्याला चहासुद्धा पाजू नका. घरच्या पेशंटला सांभाळणाऱ्या सुनेला दरमहा पैसे देणारी योजना आपल्या राज्यात नाही. शेजारणी अगदीच हवेत बोलत नाहीत, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. पण त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ हे शब्दही आहेत आणि सगळं घोडं तिथेच अडतं. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाने महिन्याचा भत्ता सुरू केला, पुढे तो ६०० रुपये झाला. रक्कम चिमूटभर आहे, तरी सांभाळणाऱ्या बाईचं नाव सरकारी यादीत आलं. आपल्याकडे अजून पेशंटचंच नाव लागतं. मी नोकरीत असताना डिस्चार्जच्या कागदांवर ‘घरी काळजी घ्यावी’ एवढंच वाचत आले. कोणी घ्यावी, हे लिहायला त्यावर जागाच नसते.

म्हणून जे मिळवायचं ते सासूबाईंच्या नावावर. त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा. अशा आजारात सहा महिन्यांनंतर तपासणी होते, तुमचे ते झालेत. दिव्यांग कार्डासाठीच्या ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा आणि मिळेल त्या तारखेला सिव्हिलला न्यायचं. तिथे समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आदल्या दिवशी जाऊन भेटा. व्हीलचेअर आणि रांगेचं ते बघतात, ते त्यांचं कामच आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर आलं तर पिवळं कार्ड, ८० आणि वर निळं.

कार्ड हातात आलं की तहसीलच्या संजय गांधी निराधार शाखेत अर्ज करता येतो. दिव्यांगांना आता महिना २,५०० मिळतात. मात्र उत्पन्नाची अट वर्षाला ५०,००० ची आहे, आणि यंत्रमागाची मजुरी धरली तर तुमचं घर त्यात बसणं अवघड दिसतं. ही अट कोणत्या जमान्यातली आहे कोण जाणे. तरी खोटा दाखला काढू नका. पुढे वसुली लागते आणि ती भरायची वेळ तुमच्यावरच येईल. अर्ज टिकला नाही तरी कार्ड वाया जात नाही. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, त्यातून यंदा काय देतात ते पालिकेत जाऊन विचारा. आणि तुम्हाला लाडक्या बहिणीचे १,५०० मिळत असतील तर सासूबाईंच्या निराधारच्या पैशांशी त्यांचा संबंध नाही. एकाच बाईला दोन्ही मिळत नाहीत, एवढंच.

थांबलेली पेन्शन सुटायला सोपी आहे. हयातीचा दाखला गेला नसणार. त्यासाठी त्यांना उचलून बँकेत न्यायची गरज नाही. ‘जीवन प्रमाण’ म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला आता चेहरा दाखवून मोबाईलवर होतो. जन्मभर पान कातरून आणि विड्या वळून ज्यांच्या बोटांचे ठसे उठत नाहीत, त्यांना तर हेच बरं. जमलं नाही तर पोस्टात सांगा, पोस्टमन थोडं शुल्क घेऊन घरी येऊन करून देतो. दाखला वर्षभर चालतो आणि तो नोव्हेंबरातच द्यावा असं फंडाच्या पेन्शनला बंधन नाही.

आता तुमचं विडीचं कार्ड. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ हीच. तुमची फंडाची सेवा किती वर्षांची आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरात कोणी विचारलंही नसेल. दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून तुमच्या स्वतःच्या नावाने पेन्शन सुरू होते, कमीत कमी १,००० रुपये. आठव्या-नवव्या वर्षी फंड काढून घेतलात तर हातात येईल ती रक्कम दवाखान्यात जाईल आणि साठीनंतर तुम्ही रिकाम्या. तीनशे तर तीनशे, जमेल तेवढा माल देत राहा, म्हणजे फंड कापला जातो आणि सेवा तुटत नाही. अगदीच सोडावं लागलं तर फॉर्म १०-सी भरताना पेन्शनचे पैसे मागू नका, योजना प्रमाणपत्र मागा. पुढे पुन्हा वळायला बसलात की जुनी वर्षं त्यात धरतात. कारखान्यातला कारकून कंटाळा करेल, त्याला करू द्या.

सूप मांडीवर घ्यायला वेळ मात्र कोणीतरी द्यावा लागेल. दर दोन तासांनी कूस बदलणं चुकवता येत नाही; पाठीला जखम झाली की महिनोन्‌महिने जातात. पण कूस बदलायला सूनच लागते असं नाही. मिस्टरांच्या रातपाळीच्या आठवड्यात ते दुपारी उठल्यापासून पाळीला जाईपर्यंत आई त्यांच्याकडे. आईची अंघोळ मुलाने घालू नये असा कायदा नाही. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा, राग आला तर माझ्यावर काढू द्या. तुमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात आशाताईंकडे सासूबाईंचं नावही नोंदवा. ज्येष्ठांची आणि अंथरुणातल्या पेशंटची घरभेट त्यांच्या कामात धरलेली आहे. त्या आल्या की कूस कशी बदलायची, चमच्याने भरवताना ठसका कसा टाळायचा, ते मिस्टरांना समोर बसवून शिकून घ्या.

प्रश्न : माझं वय ७४, पत्नीचं ७१. आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं आहे. त्यावर घरी नर्स मिळते का?
– निवृत्त शिक्षक, विजापूर रोड

उत्तर : नाही, सर. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. घरची नर्स, डायपर, फिजिओथेरपीवाल्याची फी त्यात येत नाही. मात्र डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात. निघताना ती मागून घ्या. बहुतेक लोक बाहेरून विकत घेतात.