सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून उडणारं भरलेलं एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) आणि जंबो जेट (बोइंग 747) यांच्या वजनाची तुलना साध्या गणितानं कशी करायची?

नुसता भागाकार केलात तर उत्तर 17 येतं. एटीआर 72-600 चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 23 टन, बोइंग 747-400 चं जवळपास 397 टन. पण तेवढ्यावर थांबू नका. प्रवासी काही 17 पट नाहीत. इकडे 70 आणि तिकडे 400 धरले तर सहापटसुद्धा होत नाहीत. मग बाकीचं वजन कसलं?

मी कुडाळला वजनकाट्यावर असतो. चिरे, वाळू, काजूबी घेऊन गाड्या येतात. पावतीवर तीनच आकडे: भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि वजाबाकी करून उरलेला माल. विमानाचा हिशोबही असाच मांडा, फक्त इंधनाला वेगळी ओळ द्या. ट्रकची टाकी भरलेली असो की अर्धी, काट्यावर फार फरक पडत नाही. विमानात मात्र तोच आकडा सगळा हिशोब फिरवतो.

आधी आपलं चिपी. 9 ऑक्टोबर 2021 ला इथली प्रवासी सेवा सुरू झाली ती एटीआर 72 नेच. रिकामं विमान साधारण साडेतेरा टन. 70 माणसं, हातातल्या पिशवीसकट 75 किलोची धरली तर 5,250 किलो. खाली टाकलेलं सामान माणशी 15 किलो, म्हणजे 1,050. टाकीत 5 टन इंधन मावतं, पण मुंबईपर्यंतच्या तासाभरासाठी ती काठोकाठ भरायची गरज नसते. राखीव धरून 2 टन घ्या. बेरीज 21.8 टन. आमच्याकडे दहाचाकी ट्रकचं पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं परवानगी असलेलं वजन, 28.5 टनांचं असतं. म्हणजे 70 माणसं घेऊन उडणारं विमान चिऱ्यांनी भरलेल्या दहाचाकीपेक्षा हलकं! हा हिशोब मी काट्यावर येणाऱ्या कितीतरी ड्रायव्हरना करून दाखवलाय, कोणाचा पटकन विश्वास बसत नाही.

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्लीला जाणारं एअरबसचं ए320निओ असंच मांडा: रिकामं 44-45 टन, 180 प्रवासी सामानासह 16 टन, इंधन 8 टन. झाले 69 टन, एटीआरच्या तिपटीहून थोडं जास्त.

आता जंबो. इथं एक काळजी घ्या: इंधनाचा आकडा बहुतेक ठिकाणी लिटरमध्ये मिळतो आणि लोक तोच किलो समजून बेरजेत घालतात. विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 0.8 किलो. जंबोच्या टाक्यांत 2,16,840 लिटर मावतं, त्याचे 173 टन झाले. रिकामं विमान 183 टन. 400 माणसं सामानासकट 100 किलोंची धरली तर 40 टन. 183 अधिक 173 अधिक 40, एकूण 396. कमाल वजनाला अगदी टेकलं.

या तीन आकड्यांकडे नीट बघा. माणसं आणि त्यांच्या बॅगा मिळून वजनाचा जेमतेम दहावा भाग, आणि इंधन त्यांच्या चौपटीहून जास्त. माणशी इंधन काढलं तर एटीआरमध्ये 29 किलो येतं, जंबोत 432. म्हणून तुलना करताना विमान किती मोठं यापेक्षा ते किती लांब निघालंय हे आधी विचारा. तीच जंबो मुंबई-दिल्लीला पाठवली तर शंभर टनांहून जास्त हलकी निघेल.

उतरतानाचं वजनही याच कारणानं वेगळं मोजतात. एटीआरला उतरताना 22.35 टनांपर्यंत चालतं, उड्डाणाच्या मर्यादेपेक्षा फक्त 650 किलो कमी. जंबोची मर्यादा सुमारे 286 टन, म्हणजे उडताना होती त्यापेक्षा 111 टन कमी. पूर्ण भरून निघालेल्या जंबोला काही बिघाडामुळे लगेच परतायचं झालं, तर वेळ असेल तेव्हा हवेतच इंधन सोडून वजन उतरवतात. एटीआरला ती सोयच दिलेली नाही, कारण लागत नाही.