तबला सुरात मिळवता येतो, मग हलगी का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: वारंवारता, आयाम, उपस्वर म्हणजे काय, आणि तबल्यासारखी हलगी सुरात का लागत नाही. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून पहिला पटकन सांगतो.

कंप पावणारी वस्तू सेकंदाला जितके कंप करते ती तिची वारंवारता. सूर किती चढा ते यावर ठरतं. पेटीची मधल्या सप्तकातली काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, साधारण 277 हर्ट्झ (सेकंदाला 277 कंप), वरच्या सप्तकातली तीच पट्टी 554. कंपाचा पल्ला किती मोठा, तो आयाम. तो वाढला की आवाज मोठा होतो, सूर तोच राहतो.

आता उपस्वर. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशाही वारंवारता निघतात. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार (ग) हा पाचपटीचा उपस्वर. पटी पूर्णांकात असल्यामुळे कान या सगळ्यांचा मिळून एकच सूर ऐकतो. कोणता उपस्वर किती जोरात, यावर वाद्यावाद्याचा आवाज वेगळा होतो.

साध्या गोल कातड्याचं तसं नाही. त्याचे उपस्वर मूळ वारंवारतेच्या सुमारे 1.59, 2.14, 2.30 पट येतात. त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून कानाला ठाम सूर सापडत नाही. हलगी शेकली की कातडं ताणतं, आवाज चढतो, पण ही गुणोत्तरं तशीच राहतात. हे हलगीचं उणेपण मुळीच नाही. तिचा कडकडाट याच बेमेळ उपस्वरांतून येतो.

तबल्यात हे बदलतं शाईमुळे, म्हणजे कातड्याच्या मध्यावरच्या काळ्या गोलामुळे. लोखंडाची पूड घातलेला हा लेप थरावर थर देऊन दगडानं घोटतात. मूळ कंपात कातड्याचा मध्य सर्वांत जास्त हलतो, त्यामुळे मध्यावरच्या वजनानं तोच सर्वांत जास्त मंदावतो. त्याच्या पुढचा कंप मध्यावर जवळपास स्थिर असतो, त्याच्यावर परिणाम कमी. म्हणून 1.59 चं गुणोत्तर 2 पाशी येतं. 2.14 आणि 2.30 हे दोघे 3 पाशी एकत्र येतात! सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये हे मांडलं. पुढे रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून दाखवलं की नऊ प्रकारचे कंप मिळून पाचच सुरेल वारंवारता देतात. समीकरणाशिवाय, केवळ कानाच्या भरवशावर आपल्या कारागिरांनी हे साधलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पखवाज आणि ढोलकीच्या शाईच्या तोंडालाही हेच तत्त्व. तुमच्या तबल्याची शाई उडाली असेल तर ताण वाढवणारे बाजूचे लाकडी गट्टे कितीही ठोका, तो नीट बोलणार नाही. पुडीच, म्हणजे शाईसकट अख्खं कातडंच, बदलून घ्या.