शेवंतीच्या मळ्यात रात्री बल्ब का लावतात?

झाडांना फसवण्यासाठी.

शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. मुंबईत जूनमधला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला अकरा. एवढा फरक तिला पुरतो. रात्र मोठी होऊ लागली की ती वाढ सोडून कळीच्या मागे लागते. रोप वीतभर असतानाच हे झालं तर दांडा आखूड राहतो आणि फुलाला भाव मिळत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मध्यरात्री दोन-चार तास बल्ब. रात्र मधेच तुटली की झाडाच्या लेखी त्या दोन छोट्या रात्री! ते मोजतं सलग अंधार, दिवस नव्हे.

हे कोडं आधी तंबाखूवर सुटलं. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांकडची एक जात उन्हाळाभर नुसती उंच व्हायची, फूल नाही. त्यांनी दुपारीच काही कुंड्या अंधाऱ्या खोपट्यात नेऊन ठेवायला सुरुवात केली, तर ती झाडं उन्हाळ्यातच फुलली. १९२० साली हे छापून आलं.

प्राण्यांचंही तेच. उत्तर अमेरिकेतला हिमससा दिवस आखडू लागले की पांढरा होतो, बर्फ पडो न पडो. बर्फ उशिरा आलं की तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र ससा, म्हणजे शिकाऱ्यांची चंगळच.

आणि हो, गॅलरीतली पॉइन्सेटिया लाल होत नसेल तर वरची ट्यूबलाइट बघा. आमची दोन हिवाळे हिरवीच होती. संध्याकाळपासून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायला लागलो तेव्हा कुठे पानं रंगली.