बाबा महाल सोडत नाहीत

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, नागपूरला मनीषनगरात फ्लॅटमध्ये राहतो. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाबा ८१ वर्षांचे, महाल वस्तीतल्या जुन्या घरी एकटे. डबा लावून दिलाय, दर रविवारी जातो. बहीण पुण्याला असते, तिला कोणी काही विचारत नाही. मला मात्र समाजातल्या प्रत्येक लग्नात कोणीतरी म्हणतंच, "काहून रे, बापाला एकटंच ठेवलं का?" मे महिन्यात बाबांना चक्कर आली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, मला दुपारी कळलं. आता इकडे आणायचं ठरवलं तर बाबा म्हणतात, "तू लोकांसाठी नेऊन राहिला मला." ते खरं की काय, हेच मला कळेना. शिवाय घर आताच बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून घ्यावं, असा नातेवाइकांचा सल्ला आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, बाबांनी नेम बरोबर धरलाय. पण त्यात लाजायचं काय? माझ्या आईने इतवारीच्या गल्लीत माझ्या आजीला नऊ वर्षं सांभाळलं. प्रेमाने? थोडंफार. आजी भारी किरकिरी होती. समोरच्या ओट्यावरच्या बाया रोज विचारायच्या, "आजी जेवल्या का?" त्यांना 'हो' म्हणता यावं म्हणून आई बाराच्या ठोक्याला ताट वाढायची. आणि आईला ताप आला की त्यांतलीच एक येऊन आजीची वेणी घालून जायची, दुसरी वरणाची वाटी पाठवायची. टोमणा आणि वाटी एकाच घरातून यायची.

लग्नात तुम्हाला बोलणारे वाटी पाठवत नाहीत. त्यांचं मी तरी मनावर घेणार नाही. (घरी पोचेपर्यंत तेही विसरतात, पाटवडीचा रस्सा कसा होता, तेवढं लक्षात राहतं.) बाबांना उचलून दवाखान्यात नेणाऱ्यांचं मात्र घ्या. बाबा महाल सोडायला तयार नाहीत ते या माणसांमुळे.

ही चूक मी करून बसले आहे, म्हणून सांगते. वडील गेल्यावर आईला मी वर्धा रोडवर आणलं. तिसरा मजला, लिफ्ट, एसी. तो उन्हाळा तिला कळलासुद्धा नाही. मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे आपल्याकडची पुतळ्यांची मिरवणूक. सकाळी सातलाच इस्त्रीचं पातळ नेसून सोफ्यावर बसली होती, जायचं म्हणून. मला बँकेत जाणं भाग होतं, तिला एकटीला त्या गर्दीत पाठवणं शक्य नव्हतं. दरवर्षी "घेऊन जा गे मारबत" असं घसा फोडून ओरडणारी बाई ती. संध्याकाळी परत आले तर तेच पातळ, तोच सोफा. म्हणाली, "इथं कोणी ओरडत पण नाही बाई." दिवाळीनंतर तिला परत इतवारीत सोडून आले. नातेवाईक काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. सहा वर्षं राहिली तिथे, शेवटचं वर्ष आयाबाई लावून.

तेव्हा बाबांना कायमचं आणू नका. एप्रिलच्या मध्यापासून जूनचा पाऊस पडेपर्यंत इकडे, बाकी महालात, असं विचारून बघा. कबूल होतील, कारण परतीची तारीख ठरलेली असेल. डबेवाल्याला सांगून ठेवा, दार उघडलं नाही तर लगेच फोन करायचा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, ते काढलं नसेल तर काढा.

बहिणीचं. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. त्यात मुलगा आणि मुलगी यांच्यावर सारखीच जबाबदारी आहे. 'मुलगा असून' हे फक्त लग्नाच्या पंगतीतलं कलम. बहिणीला भांडायला फोन करू नका, काम द्या. रोज रात्री बाबांशी बोलून गोळ्या घेतल्या का ते विचारणं पुण्याहूनही जमतं.

घर नावावर करून घ्यायची मुळीच घाई करू नका. त्याच कायद्याचं २३वं कलम वाचा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, मुलांनी सांभाळलं नाही तर, न्यायाधिकरण परत फिरवू शकतं. पण दस्तात अट लिहिलेली नसली तर म्हाताऱ्यांची फरफट होते. बाबांना वाटलं तर ते मृत्युपत्र करतील. तो विषय तुम्ही काढू नका, सल्ला देणाऱ्यांनाही काढू देऊ नका. ८१ वर्षांच्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

येत्या रविवारी जाल तेव्हा संत्राबर्फीचे दोन डबे घ्या. एक बाबांना, दुसरा दवाखान्यात नेणाऱ्या शेजाऱ्यांना. तो स्वतः नेऊन द्या, घटकाभर बसा, आणि बाबांच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे ठेवू का, ते विचारा. बाबांना मारबत बघायला कोण नेतं, तेही तिथेच कळेल.