ब्लोअरची मोटर घरी बदलता येते का?

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे २००४ ची मारुती ८०० आहे. पहाटे कन्नड घाट चढताना काच आतून पूर्ण धुरकट होते आणि हिटर लावला तर हवाच येत नाही. ग्लोव्ह बॉक्सखाली बुक्की मारली की पंखा कधीकधी चालू होतो. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल. मी घरी करू शकतो का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : करू शकतात भाऊ, आणि डॅशबोर्ड नका खोलू देऊ. पण मोटर बदलेपर्यंत पहाटेचा घाट टाळा, जावंच लागलं तर दोन्ही बाजूच्या काचा दोन बोटं खाली ठेवा, आतली दमट हवा बाहेर गेली की धुरकटपणा बराच कमी होतो. एका हाताने काच पुसत वळण घेणं फार धोक्याचं आहे.

हिटरची गरमी इंजिनच्या पाण्याची असते, ब्लोअर म्हणजे मोटरवरचा पंखा फक्त ती गरमी हवेबरोबर आत फेकतो. तुमचं बुक्कीवालं लक्षण म्हणजे बहुतेक मोटरचे कार्बन (आत करंट पोहोचवणारे ब्रश) झिजलेत. फक्त शेवटच्या स्पीडवरच चालत असता तर मी रेझिस्टर (पंख्याचा स्पीड कमी-जास्त करणारा भाग) बघा म्हटलो असतो, तो स्वस्त असतो आणि लोक उगाच मोटर घेऊन येतात. तरी खरेदीआधी फ्यूज बघा आणि कप्लर (मोटरच्या वायरचा प्लग) काढून मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट १२ व्होल्ट देऊन बघा, मध्ये फ्यूज लावून. तरी अडखळली तर मोटरच गेली. कप्लर वितळून काळा पडला असेल तर तोही बदला, नाहीतर नवीन मोटर लावूनही तिथं परत गरम होईल.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, १० चा पाना लागतो. ग्लोव्ह बॉक्स काढला की डाव्या बाजूला गोल मोटर दिसते, कप्लर सोडा, स्क्रू काढा, शेवटच्या स्क्रूला खालून हात लावून ठेवा कारण मोटर पंख्यासकट खाली येते. आपल्याकडची धूळ आणि गाडी लिंबाखाली उभी राहत असेल तर मूठभर वाळलेली पानं पण निघतील, तो सगळा कचरा हात घालून काढाच, पंखा त्यातच अडकतो.

नवी मोटर पंख्याशिवाय आली तर जुना पंखा शाफ्टवर जेवढा खोल होता तेवढाच बसवा, थोडा वरखाली झाला तरी घासतो. हाताने फिरवून बघा. वायर उलट्या लागल्या तर मोटर उलटी फिरते आणि हवा एकदम मंद येते, तेव्हा मोटर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, आधी वायर बघा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, वायरचा तुकडा तर अजिबात नाही, गाडीला आग लागू शकते.

ग्लोव्ह बॉक्स लगेच लावू नका. बॅटरी जोडून सगळे स्पीड पाच-पाच मिनिटं चालवा, कप्लरला हात लावून गरम होतो का बघा, मग लावा.