उबुंटूवर आरची पॅकेजेस : शेवटची ओळ सोडा, पहिली चूक शोधा

उबुंटू लिनक्स २२.०४ वर प्रबंधासाठी टायडीव्हर्स (संख्याशास्त्राच्या ‘आर’ भाषेतला पॅकेजसंच) टाकताना बराच वेळ पंखा घरघरला, शेवटी ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’ (टाकणं फसल्याचा निरोप) आलं, आणि मैत्रिणीच्या विंडोजवर मात्र तेच झटक्यात बसलं, असं तुम्ही म्हणता. तुमच्या आरमध्ये काही बिघाड नाही. ते काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका.

क्रॅनवर, म्हणजे आर पॅकेजेसच्या अधिकृत भांडारात, विंडोज आणि मॅकसाठी पॅकेजेस आधीच कंपाइल करून, म्हणजे थेट चालतील अशी बनवून, ठेवलेली असतात. लिनक्सला मिळतो तो नुसता सोर्स, म्हणजे मूळ कोड. त्यातला सी, सी++, फोरट्रान कोड तुमचंच मशीन कंपाइल करतं. कंपायलर आर-बेस-डेव्हसोबत येतो, पण सिस्टिम लायब्ररींच्या हेडर फायलीही (लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात आणि उबुंटू त्या वेगळ्या ‘-डेव्ह’ पॅकेजमध्ये ठेवतं. ‘इंटरनेटवरून डेटा आणणारी लिबकर्ल तर आहे की माझ्याकडे!’ म्हणणारे इथेच अडकतात. लायब्ररी असते, हेडर नसतात.

आता टर्मिनलमध्ये वर सरका. टायडीव्हर्स अडलं त्याला लागणाऱ्या एचटीटीआर पॅकेजमुळे, एचटीटीआर अडलं लिबकर्ल वापरणाऱ्या कर्ल पॅकेजमुळे. खालच्या दहा चुका या एकाच चुकीची पिलावळ असतात. कर्ल पडलं तिथे रेघांच्या मध्ये चक्क उपाय छापलेला दिसेल: डेबियन-उबुंटूवर लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह, फेडोरावर लिबकर्ल-डेव्हेल. हा निरोप कुणी वाचतच नाही! त्याच्याबरोबर लिबएसएसएल-डेव्ह आणि लिबएक्सएमएल२-डेव्हही ॲप्टने (उबुंटूचं पॅकेज टाकायचं साधन) टाकून घ्या. पुढे टेक्स्टशेपिंग पॅकेज अडलं तर हार्फबझ आणि फ्रिबिडीची डेव्ह पॅकेजेस. नकाशांसाठी एसएफ पॅकेज लागणार असेल तर जीडॅल, जिओस, प्रोज आणि युडीयुनिट्स यांची.

कंपाइल करत बसायचं नसेल तर ॲप्टमध्ये आर-क्रॅन-टायडीव्हर्स तयार आहे. मात्र २२.०४ मध्ये आर ४.१.२ आहे आणि पॅकेजेसही त्याच काळातली. प्रबंधापुरतं चालून जाईल. नवीन हवं तर पॉझिट कंपनीच्या पब्लिक पॅकेज मॅनेजरवर उबुंटूसाठी बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस, मिळतात. तुमच्या आवृत्तीचं, म्हणजे ‘जॅमी’चं, रेपो (भांडार) निवडा. तिथेही चालवायला लागणाऱ्या सिस्टिम लायब्ररी तुम्हालाच टाकाव्या लागतात. डर्क एडेलब्यूटेल यांचं आर२यू हे तयार पॅकेजेसचं भांडार ते कामही ॲप्टकडूनच करून घेतं, म्हणून उबुंटूवाल्यांना मी तेच सुचवतो.

सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने, आर उघडायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो विसरा. पॅकेजेस रूटच्या मालकीची होतात, आणि पुढे साध्या खात्यातून अपडेट करताना परवानगी नाही म्हणून अडतं. पर्सनल लायब्ररी बनवू का, असं आर विचारतं, तिथे ‘यस’ म्हणा.

ती लायब्ररी आरच्या आवृत्तीप्रमाणे वेगळी असते. ४.१ वरून ४.४ वर गेलात की फोल्डर रिकामं दिसेल. जुन्यातून कॉपी करू नका, पॅकेजेस नव्याने टाका. आत्ता आधी कर्ल एकटंच टाकून बघा. तेही अडलं तर पहिल्या चुकीच्या आसपासच्या वीसेक ओळी इथे द्या.