पाऊस मोजतोय, पण ऐकतंय कोण?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी पाटण तालुक्यातला, रिटायर्ड शिक्षक. अंगणात पर्जन्यमापक लावलाय, सात वर्षं झाली, पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मोजतो आणि आकडा ऑनलाइन टाकतो. आधी एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर होतो, नाव घेत नाही, तिथं चार हजारच्या वर लोक फॉलो करत होते पण वर्षभरात सगळं बिघडलं, पाऊस सोमवारचा आणि लोकांना दिसायचा गुरुवारी, मग लोक विचारणार 'गुरुजी, एवढा कुठं पडला, इथं तर ऊन आहे', वरून शिव्या देणारे वेगळेच. वैतागून सोडलं. जूनमध्ये मुलानं मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, वेगवेगळी माणसं आपापले सर्व्हर चालवतात) खातं काढून दिलं. दीड महिना झाला, ३१ फॉलोअर, त्यातला एक मुलगा आणि एक सून. कोणी हूं की चूं करत नाही. एकानं उत्तर दिलं ते पण इंग्रजीत, की फोटोखाली वर्णन का लिहिलं नाही. माझं चुकलंय का यायचं? आणि जुनं खातं डिलीट करून टाकू का? खात्याचा पत्ता सोबत दिलाय, बघा जमलं तर.

उत्तर: गुरुजी, मुलगा आणि सून वजा केले तरी २९ उरतात, दीड महिन्यात हे काही वाईट नाही हो. माझी गोष्ट ऐकाल तर हसाल. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं आणि त्या रागात भारतातले बरेच जण मॅस्टोडॉनवर आले, त्या लोंढ्यात मी पण होते. पहिल्या दिवशी 'आले बघा मंडळी' असं टाकलं, दुसऱ्या दिवशी एक कविता, तिसऱ्या दिवशी 'कोणी आहे का इथे', आणि पंधरा दिवसांत चपला हातात घेऊन गुपचूप परत. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा अजून मोठी लाट आली, मॅस्टोडॉन महिन्याला वापरणारे तीनेक लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले एका महिन्यात, आणि त्यातलेही पुष्कळ नंतर गळाले. मी त्या वेळी टिकले, पण ते दुसऱ्या खेपेला.

आता मुद्द्याचं. मोठ्या ठिकाणी अल्गोरिदम तुमची पोस्ट उचलून अनोळखी लोकांपुढे नेऊन ठेवतो, कधी नेतो कधी दाबून ठेवतो, तुमचा सोमवारचा पाऊस गुरुवारी जायचा तो बहुतेक त्याच्याच कृपेने. मॅस्टोडॉनच्या होमवर तसं काही नाही, जे तुम्हाला फॉलो करतात त्यांना टाकलेल्या क्रमाने दिसतं, बस. कोणी स्टार, म्हणजे तिथलं लाइक, दाबला तर तुम्हाला कळतं आणि बरं वाटतं, पण त्या माणसाच्या फॉलोअरांपर्यंत तुमची पोस्ट जायला त्याने बूस्टच, म्हणजे ती स्वतःहून पुढे पाठवायलाच, करायला लागतं. म्हणजे इथे माणसांनीच माणसांपर्यंत न्यायचं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने अगदी शुकशुकाट वाटतो.

तुमचं खातं बघून आले. ४३ पोस्टी, सगळ्या सेम: मापकाचा फोटो आणि वर 'आजचा पाऊस'. किती ते फोटोत. कुठला ते कुठेच नाही! हॅशटॅग एकही नाही, आणि भाषा इंग्रजी सेट आहे. लिहायच्या चौकटीत भाषेचं एक छोटं बटण असतं, मुलाने खातं काढताना ते तसंच राहिलं असणार, तिथे मराठी निवडा, कारण बरेच जण पब्लिक टाइमलाइन, म्हणजे सगळ्यांच्या पोस्टींची रांग, भाषेने गाळून बघतात आणि तुम्ही त्यांच्या हिशेबाने सध्या इंग्रजीत पाऊस मोजताय. मग लिहायचं असं: 'पाटण तालुका, सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत ६४ मिमी', खाली #पाऊस #मराठी #सातारा. दोन शब्दांचा हॅशटॅग असेल तर मध्ये अंडरस्कोर द्या, जागा सोडली की तिथेच तुटतो. इथे लोक माणसांसारखेच हॅशटॅगही फॉलो करतात, त्यामुळे जो तुम्हाला ओळखतच नाही त्याच्याकडे जायचा हा एक खात्रीचा रस्ता आहे.

त्या इंग्रजीवाल्याचा राग आला असेल, टोन मलाही जरा हेडमास्तरी वाटला (सॉरी गुरुजी). पण त्याचं म्हणणं बरोबर आहे. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडरवर ऐकतात, आणि तुमचा आख्खा आकडा फोटोत असल्यामुळे त्यांना ऐकू येतं फक्त 'आजचा पाऊस'. वर्णनाला १५०० अक्षरं मिळतात, तुम्हाला एक ओळ पुरे: 'पर्जन्यमापकाची नळी, पाणी ६४ मिलिमीटरच्या रेघेपर्यंत'. जुन्या पोस्टी एडिट करूनही घालता येतं. मॅस्टोडॉनवरच्या जुन्या लोकांत याची फार शिस्त आहे, एक-दोनदा घातलंत की तेच लोक आनंदाने बूस्ट करतात, मी बघितलंय.

आणि एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ४३ पोस्टींत तुम्ही दुसऱ्या कोणाला एकही उत्तर दिलेलं नाही. बदली होऊन नव्या शाळेत गेलात तेव्हा पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख लिहून घरी आला नव्हतात ना? शिपायाला नाव विचारलंत, स्टाफरूममध्ये चहा घेतलात, कोण कुठल्या गावचा ते काढलंत. तेच इथे करा. #पाऊस उघडा, कोणी महाबळेश्वरचा फोटो टाकलाय, कोणी म्हणतंय आमच्याकडे पेरणी खोळंबली, तिथे लिहा की आमच्याकडे आज इतका झाला, तुमच्याकडे मोजता का. रोज तीन उत्तरं, एक पोस्ट. महिनाभर करून बघा.

एक कडू गोष्ट पण सांगते. तुमच्या जुन्या चार हजारांत जे शेतकरी होते ते मॅस्टोडॉनवर येणार नाहीत, त्यांची वाट बघू नका. त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपचा ग्रुप करा, आकडा तिथेही टाका. इथे भेटतील ते वेगळेच, हवामानाचं वेड असलेले, कोणी बंगळुरूचा, कोणी जर्मनीतला, ज्याला कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ऐकून विश्वास बसणार नाही असा.

जुनं खातं डिलीट करू नका. आधी तिथला सगळा डेटा डाउनलोड करून ठेवा, सात वर्षांची नोंद आहे ती, आणि वहीत नसेल तर दुसरीकडे कुठेच नाही. मग नवा पत्ता लिहून एक पोस्ट वर पिन करा आणि सोडून द्या. डिलीट केलं की तेच नाव उद्या दुसरा कोणी घेऊन तुमच्या नावाने काहीही टाकत बसू शकतो. आणि आज किती झाला ते माझ्या पोस्टखाली कळवा, मी फॉलो केलंय.

प्रश्न: मॅस्टोडॉन, थ्रेड्स, ब्लूस्काय, नक्की कुठे जाऊ? मराठीत लिहायचंय. (ठाणे)

उत्तर: जिथे ओळखीची पाच माणसं आधीच आहेत तिथे. खरंच, बाकी फरक नंतर कळतात. ब्लूस्कायवर ३०० अक्षरं, मॅस्टोडॉनवर साधारण ५००, थ्रेड्स मेटाचं त्यामुळे इन्स्टाग्रामवाली मंडळी तिकडे. मराठीची सोय आहे म्हणून कू या ट्विटरसारख्या भारतीय अॅपवर गेलेल्यांचं काय झालं आठवत असेल, जुलै २०२४ मध्ये दुकानच बंद.

प्रश्न: मी ज्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर आहे तो बंद होणार अशी नोटीस आलीये. दोन वर्षांचं सगळं जाणार का? (पुणे)

उत्तर: फॉलोअर वाचतील, पोस्टी नाहीत. पोस्टी नव्या सर्व्हरवर नेताच येत नाहीत, त्यामुळे आधी त्यांचा आर्काइव्ह उतरवून घ्या, आणि तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी वेगळी एक्सपोर्ट करा, ती आपोआप जात नाही. मग दुसऱ्या सर्व्हरवर खातं काढून तिथल्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पत्ता द्या, आणि त्यानंतरच जुन्या खात्यातून 'मूव्ह' दाबा, उलट क्रमाने होत नाही. हे सगळं जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच, एकदा बंद पडला की फॉलोअर पण गेले. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर बंद करायच्या आधी तीन महिने सांगू असं कबूल करतात, तुमचा त्या यादीत नसेल तर नोटिशीतली तारीख आजच बघा. नवा सर्व्हर मात्र नीट विचार करून निवडा, एकदा हललात की महिनाभर परत हलता येत नाही, आणि निवडताना तो चालवणारा खर्च कुठून भागवतो ते त्याच्या पानावर वाचा, जमलं तर महिन्याला शंभर-दोनशे रुपये त्याला द्या.